चंद्रावरचे सूर्यनमस्कार

"सूर्य उगवला की बारा नमस्कार घालायचे. एकही सूर्योदय चुकवायचा नाही, बरं का!"

निघताना आजोबांनी असं बजावलं होतं आणि चंद्रावर आल्यापासून ऋजुताने ते मनोभावे पाळलं होतं. मग ती तपासणीत नापास कशी झाली?

वसाहतीतल्या दवाखान्यातला यंत्रमानव पुन्हा पुन्हा आकडे पाहत होता. त्याचे हात चिमट्यासारखे, म्हणून मुलं त्याला चिमटाकाका म्हणत.

"पायांत जोर नाही. हाडंही नाजूक झालीत. एवढ्यात पृथ्वीवर जाता येणार नाही, बाळ."

वैशाखात आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन (हजार पौर्णिमा पाहिल्याचा सोहळा) होतं. चंद्रावरून नात येणार, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

"काका, तुमचंच काहीतरी चुकतंय. मी नेम मोडलेला नाही. देवाशप्पथ!"

"शेवटचे नमस्कार कधी घातलेस?"

"सूर्य उगवला तेव्हा."

चिमटाकाकाचे दिवे लुकलुकले. "अगं, इथे सूर्य जवळजवळ महिन्यातून एकदाच उगवतो!"

"हो. म्हणून तेव्हाच घातले." तिला कळेना, यात चुकलं काय?

"हे बघ, हाड म्हणजे दगड नव्हे. त्यातल्या काही पेशी (शरीराच्या बारीक जिवंत विटा) जुनं हाड खरवडतात, काही नवं रचतात. भार पडला की रचणाऱ्यांना निरोप जातो, इथे गरज आहे, बांधा. निरोप गेला नाही की खरवडणं पुढे, बांधणं मागे. स्नायूही तसेच, काम नसलं की रोडावतात. त्यात इथलं गुरुत्वाकर्षण (आपल्याला खाली ओढणारं बळ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढंच."

"मग महिन्याचा व्यायाम आज एकदम करते!"

"महिन्याच्या पोळ्या आज एकदम खाशील?"

तिला हसू आलं, पण गोंधळ वाढलाच. "पृथ्वीवर तर भार असतोच की. मग आजोबा कशाला घालतात नमस्कार?"

"दिवसभर खुर्चीत बसलं तर तिथेही निरोप जात नाही. आणि हृदय हाही स्नायूच. त्यालाही रोज थोडं दमवावं लागतं."

तिने आजोबांना पडद्यावर बोलावलं. सगळं ऐकवलं. आवाज पोहोचून उत्तर यायला क्षणभर लागला, मग त्यांचं मोठ्ठं हसू आलं.

"अगं वेडाबाई! पावसाळ्यात आमच्याकडे तरी कुठे दिसतो सूर्य? तरी मी घालतोच."

"न दिसणाऱ्या सूर्याला?"

"नेम माझा आहे ना, त्याचा थोडाच!"

ऋजुताला हे नीटसं उमगलं नाही. "काका, वैशाखापर्यंत होतील का पाय बळकट?"

"फेरतपासणी घेऊ. हळूहळू फरक पडेल, पण रोज केलंस तरच. खात्री मात्र देत नाही."

आजोबांचा चेहरा जरासा उतरला. तो पाहून ती घाईने म्हणाली, "रोज करीन, आजोबा. वचन."

दुसऱ्या दिवशी घड्याळात सकाळ झाली. बाहेर काळोखच होता. सूर्य यायला अजून आठवडा होता. अंधारात हात जोडायचे ते कुणीकडे तोंड करून, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं. खांद्यांवर दाब देणारा, चिमटाकाकाने दिलेला स्प्रिंगांचा सदरा तिने अंगात चढवला, आईची झोप मोडू नये म्हणून दार हळूच लोटलं, आणि व्यायामगृहाकडे चालू लागली.