फणसाचं खरं नाव

[फोन अजून गप्प आहे]

बुकित कियारा टेकडीच्या झाडीत शिरताना खरं नाव बाहेर ठेवायचं, असा क्वालालंपूरच्या या सायकलवाल्यांचा रिवाज होता. आत कुणी नावानं हाक मारायची नाही आणि मारलीच तर ओ द्यायची नाही. म्हणून झाडीत कमारुद्दीनकाका 'लोणचं', झाईदी 'पापड' आणि बदरुल 'फणस'.

बदरुल लिफ्ट तपासणारा इंजिनिअर. त्याचा विश्वास पोलादी दोरावर. हा रिवाज तो पाळायचा, पण काकांच्या वयाकडे बघून. त्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. उताराचा विक्रम झाईदीच्या नावावर होता आणि दर रविवारी टपरीवर तो सगळ्यांकडून स्वतःला 'राजेसाहेब' म्हणवून घ्यायचा. आज तो विक्रम मोडायचाच, म्हणून बदरुलनं फोनमधल्या वेळ-अंतर नोंदवणाऱ्या अ‍ॅपची बोलणारी सोय चालू केली होती. उतारावर खाली बघायला नको.

"आजोबा, नातवंडं वाटेनं जाताहेत, राग नसावा," काकांनी रबराच्या झाडांना सांगितलं.

"काका, नातवंडं पन्नाशीला आलीत," बदरुल म्हणाला.

"म्हणूनच जास्त सांभाळावी लागतात."

["शाब्बास, बदरुल हिशाम! चढ पूर्ण झाला!"]

खिशातला आवाज चांगला खणखणीत होता. किरकिरणारे किडे एकदम थांबले.

काकांनी ब्रेक दाबला. "आता घराचा पत्ताही सांगून टाक म्हणावं."

"बदरुल हिशाम, तुम्ही घरापासून नऊ किलोमीटरवर आहात," फोन म्हणाला.

झाईदी हसून हसून सायकलवरून उतरला. काका हसले नाहीत.

"लिफ्टपण दिवसभर मजले पुकारते, काका. म्हणून कुणी आत येतं का?"

"दार उघडल्यावर येतंच की," काका म्हणाले.

["उतार सुरू. शुभेच्छा, बदरुल हिशाम!"]

वाट हँडलच्या रुंदीची. मुळं, ओली पानं, दोन्हीकडे बांबू. मधूनच फटीतून उंच इमारती दिसत, टॉवेल वाळत घातलेल्या. बदरुल पहिल्या वळणातून सुटला तो सुटलाच. मागे टायरची सळसळ ऐकू येत होती. अगदी जवळ.

"पापड, लाज वाटू दे! मागे राहा!"

"मी वरच आहे रे!" लांबून, टेकडीच्या माथ्यावरून झाईदी ओरडला. "साखळी पडलीय!"

सळसळ चालूच होती.

"बदरुल हिशाम."

फोनचाच आवाज, तसाच अदबशीर. पण फोन उजव्या खिशात होता आणि आवाज डावीकडच्या बांबूतून आला.

"बदरुल हिशाम, जरा वाट देता?"

मागच्यानं वाट मागितली की द्यायची, हे अरुंद वाटेवरच्या सायकलवाल्याच्या हाडात भिनलेलं असतं. बदरुलनं पाय टेकला, सायकल कडेला घेतली आणि तोंडातून निघून गेलं,

"हो, या ना."

कुणी आलं नाही.

फक्त वाटेवरची पानं, एकामागून एक, खालपर्यंत दबत गेली. ताज्या रबराच्या चिकाचा वास आला. इथली झाडं चिकासाठी चिरून कित्येक वर्षं झाली होती.

["अभिनंदन! बदरुल हिशाम, या उताराचे नवे राजे!"]

तो अजून अर्ध्या उतारावर होता. एक पाय जमिनीवर.

खाली टपरीवर झाईदीनं बदरुलचा फोन पाहिला, कपाळाला हात लावला आणि कमरेत वाकला. "घ्या, राजेसाहेब."

'मी मध्येच थांबलो होतो,' हे बदरुलच्या जिभेवर आलं होतं. पण 'राजेसाहेब' ऐकायला फार गोड लागलं. त्यानं रोटीचा तुकडा डाळीत बुडवला आणि मान डोलावली.

["बदरुल हिशाम, तुम्ही घरापासून चार किलोमीटरवर आहात."]

"बिघडलाय," बदरुल म्हणाला.

["दोन."]

झाईदीचं हसू थांबलं.

"घरी कोण आहे?" काकांनी विचारलं.

"सुराया."

त्यानं बायकोला फोन लावला. ती उचलेना. पुन्हा लावला.

["तुम्ही घरी पोहोचलात."]

मग सुरायाचा निरोप आला.

'दारात उभं राहून स्वतःचं पूर्ण नाव काय सांगतोस रे? मी ओळखत नाही का तुला? आणि ये म्हणेपर्यंत आत आला नाहीस, आलास तो पाय धुऊन! असाच राहा बाबा आता.'