तुळशी तलावाच्या वाटेवर मारलेल्या हाका

दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या पाठीवर त्यांचे त्यांचे सामान देऊन दोन दिवसांची पायी भ्रमंती करावयाची, असा निश्चय माझे भावोजी लवू यांनी केला होता. परंतु माझी बहीण अक्षता हिने एक अट घातली. प्रथम एका दिवसाची सोपी सफर करून दाखवावी. मुले न रडता परतली, तरच पुढचा विचार. मुलुंडच्या मागील डोंगरावर चढायचे, माथ्यावरून तुळशी तलावाचे पाणी मुलांना दाखवायचे आणि उजेड असतानाच खाली यायचे, एवढाच त्या सफरीचा हेतू होता.

सफर सोपी व्हावी म्हणून भावोजींनी फार कष्ट घेतले. विक्रोळीला आमच्या वसाहतीत ते लिफ्ट दुरुस्तीचे काम करतात, त्यामुळे वजनाचा विचार त्यांच्या हाडीमांसी भिनलेला आहे. मुलांच्या सॅक त्यांनी काट्यावर पुन्हा पुन्हा ठेवल्या आणि दर वेळी आतून काहीतरी काढून घेतले. अखेर सात वर्षांच्या श्रुतिकेच्या सॅकमध्ये एक टॉवेल आणि बिस्किटांचा पुडा एवढेच उरले. मुलांच्या पाण्याच्या बाटल्यादेखील त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतल्या.

"पोरांना ओझं वाटलं ना, की परत डोंगराचं नाव घेणार नाहीत," ते म्हणाले.

निघताना त्यांच्या आई रत्नप्रभाबाई यांनी दोन्ही नातवंडांना देवापुढे उभे करून कानात काही सांगितले. घाईत आम्ही त्याकडे लक्ष दिले नाही.

वनखात्याच्या चौकीवर नावे नोंदवून आम्ही पाचही जण रानात शिरलो. पावसाळा सरून थोडेच दिवस झाले होते. दोन्ही बाजूंना वाळत चाललेले गवत माझ्या खांद्याला लागत होते, मग मुलांची काय कथा! खाली दूरवर मुलुंडच्या इमारती उन्हात पांढऱ्या दिसत होत्या आणि त्यांच्याही पलीकडे खाडीची राखाडी रेघ होती. थोरला ओजस मोठ्यांसारखा कमरेवर हात ठेवून चालत होता. श्रुतिका सर्वांत पुढे. लहानाच्या चालीने सर्वांनी चालावे, हा भावोजींचा नियम होता.

"मामा, तू म्हाताऱ्यासारखा धापा टाकतोयस," ती मला वळून म्हणाली.

"तुझी सॅक दे आणि माझी घे, मग कळेल."

ती हसली आणि पळाली. पाठीवर भारच नव्हता. पाय थांबतील कशाला? अक्षता ओरडली, "हळू गं!" वाटेच्या वळणावर तिची लाल सॅक गवताआड गेली.

आम्ही वळणावर पोहोचलो. पुढे वाट दोन दिशांना फुटली होती.

दोन्ही वाटा रिकाम्या होत्या.

"श्रुतिका!" भावोजींनी हाक मारली. उत्तर आले नाही. अक्षताने हाक मारली, मी मारली. प्रत्येक हाकेनंतर आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. गवत सळसळत होते, बाकी काही नाही.

"लपली असेल," मी म्हणालो. माझाच माझ्यावर विश्वास नव्हता.

भावोजी डावीकडच्या वाटेने धावले, मी उजवीकडच्या. ती गुरांची वाट होती. थोड्या अंतरावर ती कारवीच्या झुडपांत विरून गेली. मी हाका मारीत परतलो, तो भावोजी एका ओहळातून लंगडत वर येताना दिसले. ओल्या शेवाळावरून पाय घसरून त्यांचा गुडघा फुटला होता. पँट रक्ताने चिकटली होती.

"तिच्याकडे पाणी नाही रे, मिथुन," ते मला म्हणाले. "सगळं मी घेऊन बसलोय."

ऊन तापत गेले आणि मग कलू लागले. अक्षताचा आवाज बसला. आम्ही पुढे जात होतो आणि पुन्हा त्याच वळणावर येत होतो. अशातच वरच्या झाडांतून वानरे खेकसू लागली. कोरडा, खरखरीत आवाज. एकाने दिला, दुसऱ्याने उचलला. त्या आवाजाचा अर्थ या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या कोणालाही सांगावा लागत नाही. बिबट्या हिंडत होता.

भावोजींनी चौकीवर फोन लावला. आवाज तुटत होता. एवढेच समजले की माणसे निघत आहेत, परंतु वर यायला वेळ लागेल.

"श्रुतिका! अगं, ओ दे!" अक्षताने पुन्हा हाक मारली आणि ती मटकन खाली बसली.

तेव्हा इतका वेळ आमच्या मागून चालणारा ओजस तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"आई, ती ओ नाही देणार."

"म्हणजे?"

"आजीने सांगितलंय दोघांना. रानात कोण नावान साद घालीत तर गप ऱ्हव, तो माणूस नसता." त्याने आजीचे शब्द तसेच्या तसे म्हटले. "मला ते खरं नाही वाटत. पण तिला वाटतं."

भावोजी लंगडत जवळ आले. "मलाही आईने हेच शिकवलं होतं," ते हळू म्हणाले. "गावाला मी अख्खी संध्याकाळ आंब्याच्या बुंध्याशी बसलो होतो. वडील हाका मारून मारून दमले."

म्हणजे आमची प्रत्येक हाक त्या मुलीचे तोंड अधिकच घट्ट बंद करीत होती!

"त्या भुताला नाव माहीत असतं," अक्षता म्हणाली. "मग माहीत काय नसतं?"

ती उठली. ओढणीने तोंड पुसले आणि घरी स्वयंपाकघरातून ओरडते तशी त्या गवताच्या समुद्रात ओरडली.

"ए बये! माझी निळी साडी बाहुलीसाठी कोणी कापली? आणि कात्री गादीखाली कोणी लपवली? सोडणार नाहीये मी आज!"

वानरेही क्षणभर थांबली.

आणि मग आमच्या पायांखालून, खरोखर पायांखालून, बारीक आवाज आला.

"मी नाही कापली. दादाने कापली."

"खोटारडी," ओजस म्हणाला आणि रडू लागला.

मी गवत दोन्ही हातांनी फाकले. वाटेला लागूनच कडा तुटला होता. दोन पुरुष खोलीवर एक अरुंद कपार, तिच्यावर लाल सॅक आणि सॅकला बिलगलेली श्रुतिका. कपारीखाली ओहळाचे उघडे दगड. भावोजींना गुडघ्यामुळे उतरता येईना. त्यांनी पुढच्या सफरीसाठी घेतलेली, सॅकमध्येच राहिलेली तंबूची दोरी माझ्या कमरेला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दुसरे टोक झाडाला वळसा देऊन धरले.

मी उतरलो. माती सुटली. एक दगड निसटला आणि खाली फुटला. पाय टेकला! मी तिला उराशी घेतले. वरून दोर ताणला गेला. भावोजी कण्हत होते, अक्षता त्यांच्या मागे दोर धरून होती, ओजस तिच्या मागे. आम्ही इंचाइंचाने वर आलो.

श्रुतिका बाटलीभर पाणी न थांबता प्यायली. तिच्या तळहातावर तिच्याच दातांचे खोल व्रण होते.

"ओरडू नये म्हणून हात चावला," ती म्हणाली. "वरून सारखं बोलवत होतं ते. तुमच्याच आवाजात बोलत होतं."

माथा समोर दिसत होता. तेवढा एक चढ, आणि पलीकडे तुळशीचे पाणी. ओजसने तिकडे पाहिले.

"राहू दे," भावोजी म्हणाले. त्यांनी सॅक उघडली आणि दोन बाटल्या काढून दोघांच्या हातात दिल्या. "आपापलं पाणी आपापल्याकडे ठेवा."

वाटेतच चौकीची माणसे भेटली आणि त्यांच्यामागून आम्ही उतरू लागलो. प्रत्येक वळणावर भावोजी मुलांना नावाने हाक मारीत. ओजस लगेच ओ देई. श्रुतिका आईचे बोट धरून चालत होती, बापापासून हातभर अंतरावर, आणि हाक आली की केवळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राही. भावोजी रागावले नाहीत. पुढच्या वळणावर पुन्हा हाक मारीत.

रान संपले. डांबरी रस्ता लागला, रिक्षांचे हॉर्न ऐकू आले, दिवे दिसले. भावोजी थांबले.

"श्रुतिका," ते म्हणाले.

तिने आधी मागे वळून डोंगराकडे पाहिले.

"ओ," ती म्हणाली.