शिदोरीच्या पानावर दोन नावं

वडसा स्टेशनवर त्या दुपारी बल्लारपूरची गाडी दीड तास लेट होती, आणि अख्ख्या फलाटावर चार्जिंगचा पॉइंट चालू होता एकच. तो एका पोरानं अडवलेला. चष्मा कपाळावर, मांडीवर लॅपटॉप आणि चेहरा असा, जणू मयतीहून आलाय. दिव्यानीच्या फोनमध्ये चार टक्के उरले होते. "दहा मिनिटं द्या नं भाऊ," म्हणत ती वाकली, तिची नजर त्याच्या स्क्रीनवर गेली आणि तिथंच अडकली.

स्क्रीनवर 'शिदोरी'चं पान उघडं होतं.

आता शिदोरी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. कॉलेजं ऑनलाइन शिकवायला जे फुकटातलं सॉफ्टवेअर वापरतात, ते जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं असतं. त्याला कुणीही आपल्या हौसेनं जोड देऊ शकतं. त्या जोडीला म्हणतात प्लगइन. घराला पडवी काढावी तसं. घरवाले वरचेवर भिंती हलवतात, आणि पडवी पडू नये म्हणून धावायचं ते ज्यानं काढली त्यानंच. शिदोरी त्यातलीच एक. रेंज असेल तिथं धडे फोनमध्ये भरून घ्यायचे, गावी जाऊन सोडवायचे, परत रेंजमध्ये आलं की उत्तरं आपोआप जमा. दिव्यानी वडशाच्या एका छोट्या नर्सिंग कॉलेजात कॉम्प्युटरचं सगळं बघायची. कोरची-धानोऱ्याकडच्या बिनरेंजच्या गावांतल्या तिच्या साठ मुली शिदोरीवर शिकत होत्या.

आणि हा बाबा त्या पानावर इंग्रजीत सूचना लिहीत होता — 'यापुढे मी सांभाळणार नाही. कुणी घेत असल्यास कळवावे.'

"ते बटन दाबू नका," दिव्यानी म्हणाली.

त्यानं वर बघितलं. "काऊन?"

"माह्या साठ पोरी आहेत त्याच्यावर."

तो तिच्याकडे निरखून बघत राहिला. "साठ... तुमी दिव्यानी तं नाई? त्या इंग्रजी पानावर मराठीत भांडणाऱ्या?"

दिव्यानीचे कान तापले. 'हे चालत नाई, तुमाले काही समजते का' असं वर्षभर लिहिणारी ती हीच. शिदोरी सांभाळणाऱ्याचं नाव स्वप्निल, एवढंच तिला माहीत होतं. तो कुठंतरी पुण्या-बंगलोरला बसत असेल असं तिनं गृहीत धरलेलं, आणि हा निघाला बल्लारपूरचा, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा.

"पाच वर्षं झाले," तो म्हणाला. "झोपेतून उठलो का पयले पाह्यतो, आज कोणाचं काय बिघडलं. चालते तवा कोणी बोलत नाई."

"मी बोलते नं. भल्लं मस्त चालते. झालं? आता हात काढा त्या बटनावरून."

तो हसला. हसायची सवय मोडल्यासारखा, जरा वाकडाच. "दिवाळीत तुमचं कॉलेज नव्या व्हर्जनवर जाईन. तिथी शिदोरी चालणार नाई. तेवढं एक करून देतो. मंग मी मोकळा."

"मंगचं मंग पाहू," ती म्हणाली.

म्हणजे बघा, पहिल्याच भेटीत त्यानं सांगून टाकलं होतं. उगाच त्याला बोल लावायचा नाही. ऐकलं नाही ते हिनंच.

मग शनिवार सुरू झाले. तो सकाळच्या गाडीनं यायचा आणि दोघं कॉलेजच्या लॅबमध्ये बसायची. तो दुरुस्त करायचा, ती चालवून बघायची. बाहेर धानाच्या रोवणीचे दिवस, खिडकीतून चिखलाचा ओला वास यायचा, आणि लाइट गेली की स्क्रीनऐवजी एकमेकांकडे बघायची पाळी यायची...

"मालक, चहा," ती कप पुढं करायची.

"मालक नाई वो, हमाल म्हणा."

"बरं हमालभाऊ, लाल अक्षरं आली पाहा इथी."

"तुमी जवळ बसल्या का माह्याकडून चुका होतेत."

"मंग लांब बसू?"

"...नोको."

कप घेताना त्याची बोटं अंमळ रेंगाळायची. ती डब्यात बाबांनी तलावातून आणलेल्या मरळीचा रस्सा आणायची, आणि काटे काढता काढता तो तिला एकेक ओळ समजावून द्यायचा. पोळ्यापर्यंत ती बारीकसारीक दुरुस्त्या स्वतः करू लागली. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, कुणालाच कळलं नाही. काम संपत आलं तशी तिची झोप उडाली. त्यानं जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. शिदोरी सोडून म्हणा, की तिला सोडून म्हणा... तिच्यासाठी आता ते एकच झालं होतं.

भाद्रपदातल्या एका शनिवारी त्यानं शिदोरीचं पान उघडलं. मग स्क्रीनकडेच बघत म्हणाला, "तुहं नाव टाकू का? माह्या नावाजवळ?"

ती कशी हो म्हणाली, तिचं तिलाच आठवत नाही. संध्याकाळी पानावर 'सांभाळणारे' या शब्दापुढं दोन नावं झळकली — स्वप्निल, दिव्यानी. लग्नपत्रिकेवर असतात तशी. तिनं फोटो काढून आईला दाखवला. आशाबाईंना प्लगइन काय डोंबल कळणार, पण नावं जवळजवळ आहेत एवढं कळलं. "घरचे कोणकोण आहेत त्याचे?" त्यांनी विचारलं, आणि दिव्यानी वेड्यासारखी सांगत सुटली.

आठ दिवसांनी तिनं पान उघडलं, तर तिथं एकच नाव होतं. तिचं.

त्या पानाचा नियम साधा आहे. ते बेवारस ठेवता येत नाही; दुसरं नाव चढल्याशिवाय पहिलं उतरत नाही. दिव्यानीला हा नियम पाठ होता हो, पण प्रेमात पडलेल्या माणसाला पाठ असलेलं आठवतं थोडंच?

पुढच्या शनिवारी तो आला, पण लॅबपर्यंत आला नाही. फलाटावरच थांबला, तिला तिथं बोलावून. हैदराबादची नोकरी लागली होती. दसऱ्यानंतर हजर व्हायचं होतं, आणि बाहेरचं काही काम करायचं नाही असं लिहून द्यायचं होतं.

"मले वाटलं, तू मले मांगून राह्यला," दिव्यानी म्हणाली. आवाज फुटला तर फुटू दे, तिनं आवरला नाही. "मी आईले सांगतली."

त्यानं डोळे मिटून घेतले. "मलेही तू आवडतेस. खूप. खोटं नाई बोलत."

"मंग?"

"मंग काही नाई, दिव्यानी. मी थकलो. फोनवर तुहं नाव दिसलं का आधी पोटात गोळा येते... काय बिघडलं आता? आनंद मंग होते. पाच वर्षांत ते असं हाडात मुरलं. तू समोर बसली तरी मले ते कामच दिसते. असा माणूस नवरा म्हणून काय कामाचा?"

"मी कामाचं बोलणारच नाई तुह्याशी. कधीच."

"तुह्यानं नाई होणार. साठ पोरी आहेत तुह्या."

नेमकी तेव्हाच गाडी वेळेवर आली, मेली. त्यानं तिच्या हाताला हात लावला, न लावल्यासारखा, आणि तो चढून गेला. ती रडत घरी आली. आशाबाईंनी ताट वाढून समोर ठेवलं.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजनं नवं व्हर्जन चढवलं. दोन दिवस दिव्यानी जेवली की नाही कुणास ठाऊक. तिसऱ्या दिवशी कोरचीकडून पहिली उत्तरं जमा झाली, मग धानोऱ्याकडून, आणि सांजेपर्यंत साठच्या साठ. प्राचार्य मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोरीनं नाव काढलं."

ही गोष्ट तिला जगात एकाच माणसाला सांगायची होती. तिनं फोन उचलला, त्याचं नाव काढलं, 'सगळं चालून राह्यलं, काहीच बिघडलं नाई' असं लिहिलंसुद्धा. पण वाचायच्या आधी त्याला तिचं नाव दिसणार, आणि पोटात गोळा येणार. क्षणभरच, पण येणार.

तिनं लिहिलेलं पुसलं, फोन पालथा ठेवला, आणि कुणा अनोळखी कॉलेजची आलेली नवी तक्रार उघडली.