कापसाच्या गंजीत घुसलेली गाडी

"ताई, मला एवढंच सांगा. ज्या माणसानं आयुष्यभर लोकाइचे ब्रेक दुरुस्त केले, तो एक दिवस ब्रेक तसेच सोडून गाडी देईन का?"

दार ढकलून आत आलेल्या मुलीनं नाव सांगायच्या आधी हा प्रश्न विचारला. चंदा गावंडेनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मगच नाव विचारलं.

चंदा अमरावतीतली खासगी गुप्तहेर. चष्म्याच्या दुकानावर दीड खोलीचं ऑफिस. मुलगा खरंच इंजिनिअर आहे का, एवढं लग्नाआधी शोधून द्यायचं, अशीच बहुतेक कामं. मदतीला शेखर, म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीचा नवरा. त्याचं डोकं चिवड्याच्या पुडीवर चालायचं. पुडी संपली की तेही बंद.

मुलगी म्हणाली, "मी अलीझा. इथं फार्मसी शिकते. आमचं गाव बाळापूर. अब्बांचं, अन्सारभाईंचं, तिथं गॅरेज आहे."

तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. बाळापूरजवळच्या गावचे खुशालराव हे तिच्या अब्बांचे लहानपणापासूनचे दोस्त. दिवाळीत त्यांनी जुनी जीप विकून अकोल्यातल्या एका डॉक्टरची गाडी घेतली. अन्सारभाईंनी तिला पुढचे नवे ब्रेक पॅड बसवून दिले. दुसऱ्याच दिवशी अकोला रोडवरच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात गाडीसमोर म्हैस आडवी आली. गाडी काही थांबली नाही. म्हैस वाचली, गाडी मात्र कापसाच्या गंजीत निम्मी घुसली. आत एक हातगाडा दडला होता, त्यावर आपटून दिवा फुटला. माणसं धडधाकट.

"मग रडायचं काय त्यात?" शेखर म्हणाला.

"खुशालकाकांनी भर बाजारात सांगितलं, अन्सारनं ब्रेक बिघडवले, आम्ही मरता मरता वाचलो. दोन दिवसांत लोक गॅरेजातून आपापल्या गाड्या घेऊन गेले. अकोल्याच्या मेकॅनिकनं तपासून सांगितलं, ब्रेक ठणठणीत आहेत. तर काका म्हणतात, मेकॅनिक मेकॅनिकचीच बाजू घेते. अब्बा बोलतच नाहीत ताई. गॅरेज बंद करून घरात बसले आहेत. म्हणतात, ज्याच्या हाताचा भरवसा गेला त्यानं पाना कशाला धरायचा."

आता मात्र तिला रडू फुटलं. शेखरनं गुपचूप चिवड्याची पुडी तिच्याकडे सरकवली. त्याच्या हिशेबी यापेक्षा मोठं सांत्वन नव्हतं.

"उद्या सकाळी जाऊ," चंदा म्हणाली.

खुशालरावांच्या अंगणात ती गाडी एका डोळ्यानं फुटकी अशी उभी होती. मालकांच्याही डोळ्यांवर काळा चष्मा होता. ते खाटेवर बसून तूर निवडणाऱ्या बायकोच्या कामात चुका काढत होते.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं याइचं," लीलाबाईंनी सांगितलं. "डॉक्टर म्हणे, मी सांगेपर्यंत गाडीले हात लावू नका. तवापासून घर डोक्यावर घेऊन राह्यले. गाडी घेतली याइनं अन् चालवते आमचा गडी शाकीब!"

"मी सांगून ठेवतो बाई," खुशालराव चंदाकडे वळले, "अन्सार माहा दोस्त आहे, पण खरं ते खरं. या गाडीचे ब्रेक निकामी आहेत. दाबलं की खालून घरघर करते, पेडल उलटं पायाले ठोकते. असे असतात काय ब्रेक? आमची जीप पाहा! चार वेळा पंप मारला की जाग्यावर थांबे. नदीच्या उतारावर थांबवली मी ते! शाकीबलेही कधी हात लावू देला नाही तिले!"

"तिले चार वेळा पंप मारा लागे, हेच तिचं कौतुक," लीलाबाई म्हणाल्या.

नातू विपुल बाहेर आला. तो अपघाताच्या वेळी मागच्या सीटवर होता.

"काय जाणवलं तुला?" चंदानं विचारलं.

"आवाज आला ना. घर्रर्र, घर्रर्र. दाळमिलमधी खडा गेल्यावानी. हादरा म्हणाल तं काहीच नाही, एकदम कापसातच. अन् पुरावा पाहिजे तं हा पाहा." त्यानं मोबाइल पुढे केला. "जिनिंगच्या गेटवरच्या कॅमेऱ्यात आलं."

चित्रफितीत गाडीची मागची बाजू होती. काच धुळीनं माखलेली, आतलं कोणी दिसत नव्हतं. म्हैस येते. मागचे लाल दिवे लागतात. मालवतात. लागतात, मालवतात, पुन्हा लागतात. आणि गाडी कापसात.

"पाहा! इतले वेळा ब्रेक दाबला तरी थांबली नाही," विपुल म्हणाला.

"अरे बापरे," शेखर हळहळला. चंदानं तेवढं पुन्हा एकदा पाहिलं आणि फोन परत दिला.

शेवटी शाकीब आला. उंच, लाजरा मुलगा. खुशालरावांकडे कामाला लागून पाच-सहा वर्षं झालेली. तो बोलताना सारखा खाटेकडे पाहत होता.

"गाडी तूच चालवत होतास?"

"हो, मॅडम."

"ब्रेक दाबला तेव्हा पायाला काय लागलं?"

"काहीच नाही. पेडल एकदम नरम. लोण्यावानी आत गेलं, थेट तळाले. मी पाय दाबूनच ठेवला होता जी, सोडला नाही."

"घरघर ऐकलीस?"

शाकीब गडबडला. "ते... आली असन."

परतीच्या वाटेवर शेखरनं निकाल देऊन टाकला. "चंदा, मले वाटते अन्सारभाईचीच चूक आहे. तिघंही एकच सांगून राह्यले."

"तिघं एकच सांगून राह्यले?" चंदा हसली. "भाऊजी, तुम्ही पुडीतले शेंगदाणे येचत होते तवा. ब्रेकची गोष्ट तिघाइनं तीन सांगितली. उद्या सगळ्याइले जिनिंगच्या आवारात बोलवा. गाडीसकट. अन् लीलाबाईले पहिले."

दुसऱ्या दिवशी आवारात चांगलाच मेळा जमला. अलीझा आली होती. अन्सारभाई आले नव्हते. जिनिंगचे हमाल काम टाकून पोत्यांवर बसले. मोकळा मुरूम पसरलेला रस्ता रिकामा करून घेतला होता, आणि गंजीच्या बरंच अलीकडे चंदानं एक रिकामं पोतं ठेवलं होतं.

"शाकीब, बस. त्या दिवशी होता तेवढाच वेग. पोतं आलं की ब्रेक पूर्ण दाबायचा अन् काहीही झालं तरी पाय काढायचा नाही."

"मॅडम, ब्रेक लागलेच नाही तं?"

"मी शेजारी बसते. गेलो तं दोघं."

गाडी सुटली. धूळ उडाली. पोतं आलं तसा शाकीबनं पाय दाबला. खालून घर्रर्र आवाज आला, पोत्यांवरचे हमाल उठून उभे राहिले, आणि गाडी सरळ रेषेत सरकत गंजीच्या खूप अलीकडे शहाण्यासारखी थांबली. आतून शाकीबची आरोळी ऐकू आली.

"या अल्ला! हे तं लाथा मारते पायाले! आबाजी सांगत होते तस्संच!"

चंदानं खिडकीची काच खाली केली. आता तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू जात होतं.

"पहिल्यांदाच लागलं ना पायाले, शाकीब?"

"हो... नाही..." शाकीबनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. खुशालराव काळा चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसायला लागले.

"हा बिघाड नाही," चंदा खाली उतरून म्हणाली. "याले एबीएस म्हणतात. जोरात ब्रेक दाबला अन् चाक जाम होऊन घसरायले लागलं की गाडी आपल्या मनानं ब्रेक थोडासा सोडते, पुन्हा धरते. एका सेकंदात कितीतरी वेळा. चाक फिरत राहते, म्हणून गाडी वळवता येते. त्याची घरघर गाडीतल्या सगळ्याइले ऐकू येते. पण दणके फक्त पेडलले बसतात. म्हणजे कोणाले लागतात?"

"जो ब्रेक दाबते त्याले," शेखर म्हणाला आणि स्वतःच चमकला.

"विपुल मागं होता. त्यानं घरघर ऐकली, हादरा नाही म्हणाला. बरोबर आहे. शाकीब म्हणाला, पेडल लोण्यावानी नरम. बिघडलेले ब्रेक असेच असतात, हे त्यानं कोणाकडून ऐकलं असन. पण या गाडीचे ब्रेक बिघडलेच नव्हते. पेडल उलटं पायाले ठोकते, हे सांगितलं एकाच माणसानं. तो माणूस शाकीबच्या शेजारी बसला असता तं त्याले हे कळलंच नसतं."

सगळ्या माना खुशालरावांकडे वळल्या. लीलाबाईंची सगळ्यात आधी.

"पण मग गाडी तेव्हा का थांबली नाही? आज तर थांबली," अलीझानं विचारलं.

"कॅमेऱ्यातले दिवे आठव. पाय दाबून ठेवला असता तं लाल दिवे लागूनच राहिले असते. ते लागत होते, मालवत होते. म्हणजे कोणीतरी पाय उचलून पुन्हा पुन्हा मारत होतं. शाकीब जीप चालवायले शिकलाच नाही. पंप मारायची सवय या घरात एकाच पायाले आहे. पेडलनं ठोकलं, पाय घाबरला अन् त्यानं जन्मभर केलं तेच केलं. पाय उचलला की ब्रेक सुटे. गाडी पुढं पळे. जीपले ज्यानं वाचवलं त्यानंच या गाडीले कापसात नेलं."

"म्हणजे अन्सारनं..." खुशालराव पुटपुटले.

"अन्सारभाईनं चोख काम केलं होतं. तुम्हीही खोटं नाही बोलले. ब्रेक गेले असंच वाटलं तुमाले. फक्त गाडी कोण चालवत होतं तेवढं लपवलं. अन् तेवढ्यासाठी बिचारा अन्सार बदनाम झाला."

लीलाबाई उठल्या. "गेटवर शाकीबले बाजूले बसवलं ना? ऑपरेशन होऊन किती दिवस झाले? डोळा गेला असता तं?"

"आबाजी म्हणाले, आवारातच तं जायचं आहे, कोण पाहते," विपुल हळूच म्हणाला. "आजीले सांगू नको म्हणाले."

"मी आबाजींचं मीठ खाल्लं आहे जी," शाकीब म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "पण अन्सारचाचांचं असं होईन हे नव्हतं ठाऊक."

एवढं झाल्यावर दुसरा कोणी असता तर घरी जाऊन पडला असता. खुशालराव उठले, धोतर सावरलं आणि शाकीबला म्हणाले, "बाळापूरले घे. बाजारात घे."

गाडी अन्सारभाईंच्या बंद गॅरेजसमोर थांबली. खुशालराव उतरले आणि ज्या आवाजात त्यांनी आठ दिवसांपूर्वी बोंब मारली होती त्याच आवाजात ओरडले, "ऐका रे सगळे! त्या दिवशी गाडी मी चालवत होतो! ब्रेक चांगले होते. माहा पाय येडा होता. अन्सारचा काई दोष नाही!"

हॉटेलातले लोक कप हातात घेऊन बाहेर आले. सायकलवाले थांबले. गॅरेजच्या मागच्या घरातून अन्सारभाई बाहेर आले. दाढी वाढलेली, हात स्वच्छ. मेकॅनिकचे इतके स्वच्छ हात पाहून चंदाला वाईट वाटलं.

खुशालराव माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात अन्सारभाईच कडाडले.

"डोळ्याचं ऑपरेशन झालं अन् तू गाडी चालवली? अक्कल आहे काय तुले? मेला असता तं?"

"अन्सार, मी तुले बदनाम..."

"ते सोड! ते मी पाहून घेईन, वर्षभर ऐकवीन तुले. पण मेला असता तं मी कोणाशी भांडलो असतो रे?"

 खुशालरावांनी अन्सारभाईंचे दोन्ही हात धरले आणि ते तसेच धरून उभे राहिले.

अलीझा रडता रडता हसायला लागली. शेखरनं खिसे चाचपले, पण पुडी रिकामी होती. मग तोही डोळे पुसत हॉटेलवाल्याला म्हणाला, "भाऊ, सगळ्याइले चहा सांगा. अन् काही तळलेलं असन तं तेही."