शनिवारची सुई

"शनिवारी आमच्या घरात नवं लोखंड येत न्हाई. सुई म्हंजी लोखंडच की. सोमवारी या, मॅडम."

शनिशिंगणापुरात तेल-हारांचं दुकान चालवणारा बिभीषण उंबऱ्यात हात आडवा धरून उभा होता. नर्स वृषालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालच शेजारच्या वस्तीवरचं गोवर झालेलं लेकरू तिनं स्वतः अँब्युलन्समध्ये चढवलं होतं. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या... आणि इथं हा बाबा वार मोजतोय!

"गोवर थांबणार आहे का सोमवारपर्यंत? विचारलंत त्याला?"

"रीत हाय आमची..."

"आणि ही मोटारसायकल काय लाकडाची आहे?"

"ती बुधवारी आणल्ती."

आपटायला दार असतं तर तिनं ते आपटलंच असतं. पण या घराला दार नव्हतं, नुसता पडदा. सरळ आत शिरता आलं असतं... मात्र जिथं दार नसतं तिथं बोलावल्याशिवाय जायचं नसतं, एवढं कोल्हारहून आलेल्या वृषालीलाही कळत होतं. म्हणून तर जास्तच चडफडाट झाला.

पडद्याआडून त्याची बहीण रेश्मा डोकावली. कडेवर नऊ महिन्यांची लेक.

"दादा, टोचू दे की! मागच्या टायमाला पोरीला ताप आला, तवापासून ह्योच घाबरलाय, मॅडम. रीतबीत काई न्हाई."

बिभीषणचे कान लाल झाले. एवढा दांडगा गडी, आणि भाचीसाठी डोळ्यांत पाणी? वृषालीला उगीचच बरं वाटलं. बरं वाटलं, म्हणून पुन्हा राग आला.

लसीचा निळा डबा तिनं बाहेर ओट्यावर ठेवला. "लोखंड घरात येत नाही ना? मग पोरगी बाहेर आणा. आणि तुम्हीच धरा!"

त्यानं मुकाट्यानं भाचीला मांडीवर घेतलं आणि डोळे गच्च मिटले. सुई टोचली पोरीला, "आई गं" म्हणाला हा.

पुढच्या शनिवारी वृषालीनं उपकेंद्राचं दार उघडलं, तर बाहेर बिभीषण ताटकळत उभा.

"केव्हाचे उभे आहात? दार वाजवता येत नाही?"

"सवय न्हाई..."

"भाची कशी आहे?"

"खेळती हाय. आन् आमच्या गल्लीत टोचायच्या राहिलेल्या समद्या पोरांना घिऊन आलोय. फाटकापाशी हायेत."

"आज? शनिवारी?"

"रीत घराची हाय. ह्यो दवाखाना." तो अडखळला. "वृषाली... तुमचा राग लई वाईट. पर लेकरांपायी हाय, म्हनून... म्हनून मला आवडला. आमच्या घराला आपटायला दार न्हाई. चालंल का तुमाला?"

तिच्या गालांवर जाळ चढला. या वेळी तो रागाचाच होता असं काही तिला सांगता आलं नसतं.

"आपटायला भांडी आहेत ना?"

"हायेत की... लई!"

"मग चालेल!" ती कडाडली. "आता बघत काय उभे राहिलात? त्या लेकरांना आधी उन्हातून आत आणा!"