शिंपल्यांची अंगाई

शिंपला कानाला लावून कोणाला काय ऐकू येणार? काही नाही. हे कोतोएलाही पक्कं ठाऊक होतं. तरीसुद्धा त्या शनिवारी सकाळी, जपानमधल्या मात्सुए शहरात, सरोवराकाठच्या मासळीच्या दुकानात, छत्रीचा दांडा मानेत अडकवून तिनं नखाएवढा काळा शिजिमी शिंपला टोपलीतून उचलला, हळूच कानाशी नेला आणि डोळे मिटले. बाहेर पाऊस रिमझिमत होता. दुकानातली म्हातारी बर्फ फोडत होती. शिंपला अर्थातच गप्प होता.

तिनं डोळे उघडले तर टोपलीच्या पलीकडे एक उंच तरुण उभा. चष्म्यावर पावसाचे थेंब, एक खांदा पार भिजलेला... आणि त्याच्याही कानाला शिंपला.

दोघंही चोरी पकडल्यासारखे थिजले. मग त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, "तुमचा काय म्हणतोय?"

"म्हणतोय, समोरच्या माणसाच्या हातातला घेऊ नका — तो जांभया देतोय."

तो इतका मोठ्यानं हसला की म्हातारीचा हातोडा थांबला. ऐकून झालं असेल तर पिशवी धरा, मागे माणसं खोळंबलीत, असं तिनं दोघांना एकाच दमात सुनावलं.

आता ज्यांनी 'तव्यावरचं वादळ' वाचलेलं नाही त्यांना हा वेडेपणाच वाटणार. वाटू दे. दर आठवड्याला निघणाऱ्या त्या चित्रमालिकेचा नायक तोराहाची शिंपले असेच निवडतो. ज्या शिंपल्याला घरची आठवण येते तो आतल्या आत रडतो आणि त्याच्याच सूपाला गोडी येते, असं तो छाती ठोकून सांगतो. हा पठ्ठ्या धबधब्याच्या धारेवर मुळा सोलतो, ज्वालामुखीच्या वाफेवर भात शिजवतो. त्याच्या हातचं खाऊन परीक्षक ढगांपर्यंत उडतात, हमसाहमशी रडतात, चाळीस वर्षांचं वैर विसरून एकमेकांच्या गळ्यात पडतात. अतिशयोक्ती? आहेच. पण एका वाटीभर भातासाठी कोणी एवढं जीव तोडून लढावं, आणि खाणाऱ्यानंही तितक्याच जिवाभावानं दाद द्यावी, यात कोतोएला फार मोठं काहीतरी दिसायचं. दुपारचा डबा उभ्या-उभ्या संपवून ती चष्म्याच्या दुकानात परत कामाला लागायची ना, म्हणून असेल.

त्याच्याकडे छत्री नव्हती. मात्सुएत राहून छत्री विसरणारा माणूस एक तर परगावचा किंवा प्रेमात पडण्याच्या लायकीचा — असं तिच्या मनात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं. बसथांब्यापर्यंत दोघं एका छत्रीतून गेले. वाटेत मालिकेतल्या तोफूच्या लढतीवरून जुंपली. एका फुंकरीत तोफूचे हजार पदर उलगडणाऱ्या शिराझुमीलाच जिंकवायला हवं होतं, असं तिचं म्हणणं. त्याला ते मुळीच मान्य नव्हतं. शिराझुमी कौतुकासाठी रांधते आणि तोराहाची भुकेल्या माणसासाठी, हाच तर सगळा फरक, असं तो तावातावानं सांगत होता. सांगता सांगता तो छत्रीबाहेर जायचा, भिजायचा आणि ती त्याला बाहीला धरून आत ओढायची.

त्याचं आडनाव फुकुमा, नाव इत्सुकी. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता.

"तुमच्या चष्म्याची डावी काडी वाकलीय, फुकुमा-सान," बस येताना ती म्हणाली. "दुकानात या, सरळ करून देते."

"आणि नाही आलो तर?"

"तर जग तिरकं दिसेल. माझं काय जातंय?"

"तिरक्यातही बरंच काही चांगलं दिसतंय सध्या," तो तिच्याकडे बघून म्हणाला, आणि बसमध्ये चढताना त्याचं डोकं दारावर आपटलं.

'वादळ'वेड्यांचं एक मंडळ होतं. महिन्यातल्या एका रविवारी नगरभवनाच्या स्वयंपाकघरात सगळे जमायचे. एकानं मालिकेतला एखादा पदार्थ रांधायचा आणि बाकीच्यांनी तो खाऊन, अगदी मालिकेतल्यासारखी, उभं राहून दाद द्यायची. सोनोयामा-सान या मंडळाच्या प्रमुख. साठी उलटलेली ही लाँड्रीवाली बाई प्रत्येक दाद संपली की पातेल्यावर डाव आपटायची — मालिकेतल्या घंटेऐवजी. फुकुमानं कोतोएला तिथं नेलं आणि पहिल्याच दिवशी तिला कळलं की हा माणूस दाद देण्यातला राजा आहे. कोळंबीची भजी खाऊन तो जमिनीवर आडवा पोहला. कोणाच्या तरी कच्च्या राहिलेल्या मांसगोळ्यांसाठी तो खिडकीशी जाऊन मेलेल्या आजोबांशी बोलून आला. लोक पोट धरून हसायचे आणि रांधणारा धन्य व्हायचा.

कोतोएची पाळी आली की मात्र पंचाईत. चेष्टामस्करी तिला झकास जमायची, पण खरं मनातलं सांगायची वेळ आली की गाडी एकाच शब्दावर अडायची. छान. न्हाव्यानं केस बिघडवले तरी छान, वाढदिवसाला हवी ती भेट मिळाली तरी छान. ती उभी राहायची, तोंड उघडायची, कानापर्यंत लाल व्हायची आणि म्हणायची, "छान झालंय." सोनोयामा-सान डाव हळूच, जेमतेम वाजेल इतका टेकवायच्या. फुकुमा तेवढा कधी हसायचा नाही.

हिवाळा लागेपर्यंत दोघांची बाजारहाट एकत्र होऊ लागली होती. चष्म्याची काडी मात्र अजून वाकडीच. आज येतो, उद्या येतो म्हणायचा आणि यायचाच नाही. तो बोलताना तिचं अर्धं लक्ष त्या काडीकडे असायचं आणि अर्धं... जाऊ दे. कोतोए पुरती गुंतली होती, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

फेब्रुवारीत रांधायची पाळी तिची आली. तिनं ठरवलं, तोंडानं जमत नाही ना, मग हातानं सांगायचं. शिजिमीचं मिसो सूप, आंबवलेल्या सोयाबीनचं. आदल्या संध्याकाळपासून तिनं शिंपले मिठाच्या पाण्यात ठेवले, वाळू काढली, उकळीआधीच आच मंद केली. फुकुमाची दाद ऐकायची आणि त्यावरून ओळखायचं, की त्याच्याही मनात काही आहे की आपणच हवेत इमले बांधतोय.

बाकीच्यांनी धमाल केली. एकजण होडी वल्हवून दाखवत टेबलाभोवती फिरला. मग फुकुमा. त्यानं वाटी ओठांना लावली, डोळे मिटले, संपवली. वाटी खाली ठेवली... आणि बसून राहिला. सगळे वाट पाहत होते. तो उठून उभा राहिला, काहीतरी बोलायला गेला, परत बसला. शेवटी सोनोयामा-सान यांनीच विषय बदलला.

बाहेरच्या कोणाला यात काही वाटलं नसतं. पण 'वादळ'च्या वाचकाला विचारा. परीक्षक मुकाट्यानं वाटी खाली ठेवतो म्हणजे हार, साफ हार. हरलेला आचारी सुरी ठेवून निघून जातो आणि पुन्हा त्या रिंगणात पाऊल टाकत नाही. कच्च्या मांसगोळ्यांसाठी आजोबांना हाक मारणाऱ्या माणसाजवळ आपल्या सूपासाठी एक शब्द नसावा? कोतोएनं एप्रन घडी घालून पिशवीत टाकला. पुढच्या महिन्यातल्या रविवारी ती गेली नाही. शनिवारच्या बाजारालाही नाही.

आणि मग एका दुपारी फुकुमा दुकानात हजर.

"काडी सरळ करायची होती," तो म्हणाला.

तिनं त्याला समोर बसवलं, त्याचा चष्मा उतरवला. चष्म्याविना त्याचा चेहरा भलताच उघडा वाटत होता. काडी गरम करताना तिनं नजर कामावरच ठेवली.

"इतके दिवस का नाही आलात?"

"काडी सरळ झाली असती तर इथं यायला निमित्त काय उरलं असतं? शेवटचं म्हणून राखून ठेवलं होतं." मग त्यानं तिला नेहमीसारखी आडनावानं हाक मारली. "नागामी-सान, त्या दिवशी मी दाद दिली नाही."

"असू दे. नाही आवडलं तर नाही आवडलं."

"नाही आवडलं?" तो खुर्चीतून अर्धा उठला. "अहो, ते सगळं नाटक असतं माझं — कोळंबी, आजोबा. कोणाचं मन मोडू नये म्हणून करतो. तुमचं सूप प्यायलो आणि... नाटक करवेना. खरं तेच तोंडावर आलं होतं, पण ते दहा जणांसमोर कसं बोलायचं ते कळेना. सगळे गेल्यावर पातेल्यात उरलेलं सगळं मी प्यायलो. सोनोयामा-सान यांना विचारा. पातेलं घासायची गरजच उरली नाही म्हणत होत्या."

काडी तिच्या हातात गार होत चालली होती. तिनं चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला, कानामागे बोटं लावून पाहिली.

"माझी बदली झालीय," तो हळूच म्हणाला. "सेंदाईला, शेकडो मैलांवर. महिनाअखेर निघायचंय. तुम्हाला... काय वाटतं?"

काय वाटतं? सगळं सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि जन्मभराच्या सवयीनं दगा दिला.

"छान," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं. फुकुमानं वाकून नमस्कार केला, काडी उत्तम झालीय म्हणाला आणि निघून गेला. गिऱ्हाईक जाईपर्यंत कोतोए काउंटर पुसत राहिली, तोच तो कोपरा, पुन्हा पुन्हा. एवढा राग तिला दुसऱ्या कोणाचा कधी आला नव्हता.

फुकुमाच्या निरोपाच्या रविवारी रांधायची पाळी त्याचीच होती. सोनोयामा-सान सकाळीच लाँड्रीच्या गाडीतून कोतोएच्या दारात आल्या. "हे बघ पोरी," त्या म्हणाल्या, "मी कपडे धुते, माणसांची डोकी नाही. मुकाट्यानं गाडीत बस."

फुकुमानं शिजिमीचंच सूप केलं होतं. वाट्या भरल्या, सगळ्यांनी पहिला घोट घेतला आणि सगळ्यांची तोंडं थांबली. दाताखाली कर्रकन वाळू. होडीवाल्यानं हळूच रुमाल तोंडाला लावला.

"वाळू कशी काढलीत?" सोनोयामा-सान यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"तोराहाची काढतो तशी. अंगाई म्हणून," फुकुमा ओशाळून म्हणाला. "पहाटेपासून गात होतो."

कोणीच हसलं नाही. हसण्यापलीकडचं होतं ते. सगळ्यांनी एकेक करून वाट्या खाली ठेवल्या. मुकाट्यानं. आणि त्या खोलीत त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. फुकुमानं डाव पातेल्यात सोडला आणि पाठीमागची एप्रनची गाठ सोडायला हात नेला.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कोतोए उभी होती. तिनं वाटी तोंडाला लावली, तळाशी उरलेल्या वाळूसकट सगळी संपवली.

"मी सरोवराच्या तळाशी उभी आहे," ती म्हणाली. "चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेय. माझ्या डोक्यावरून एक होडी चाललीय... होडीत एक माणूस आहे. येडा आहे तो. शिंपल्यांना गाणं म्हणतोय. सगळे शिंपले गप्प, एकट्या मला ते ऐकू येतंय. माझ्या दातांत वाळू आहे, डोळ्यांत वाळू आहे, आणि एवढं चांगलं मी जन्मात काही खाल्लं नाही."

ती लाल झाली होती, पण थांबली नाही.

"तो होडी सेंदाईकडे वळवतोय. मला ओरडून सांगायचंय, जाऊ नका. पण माझ्या तोंडून एकच शब्द निघतो, मेला... नेहमीचाच. तो शब्द मला नकोय. जायचंच असेल तर जा. पण होडीत जागा ठेवा. मला पोहता येत नाही, आणि तुमच्याशिवाय या शिंपल्यांत माझा जीव रमणार नाही."

एवढं बोलून ती मटकन खाली बसली. सोनोयामा-सान डाव उगारून तशाच राहिल्या, आपटायचा विसरून. सुटलेल्या एप्रनचे बंद मागे लोंबवत फुकुमा टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आला. आजवर तो तिला आडनावानंच हाक मारत आला होता.

"कोतोए," तो म्हणाला आणि पुढचं त्याला सुचेना. दाद देणाऱ्यांचा राजा, आणि सगळा शब्दसाठा संपलेला. शेवटी त्यानं तिची रिकामी वाटी उचलली. "आणखी... वाढू?"

"वाढ," ती डोळे पुसत म्हणाली. "पण उद्यापासून शिंपल्यांना गाणी म्हणायची नाहीत. मिठाच्या पाण्यात ठेवायचे. मी शिकवते."

"रोज सकाळी?"

रोज सकाळच्या सूपाची बोलणी म्हणजे लग्नाचीच बोलणी, हे मात्सुएतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. टेबलाभोवतीचे सगळे तिच्याकडे बघत होते.

"रोज सकाळी," कोतोए म्हणाली.

तेव्हा कुठे सोनोयामा-सान यांना डावाची आठवण झाली.