कातडं पांघरलेलं पाडस

मालनबाई पऱ्हाट्यांची मोळी आणायला निघाली तेव्हा ऊन बरोबर डोक्यावर होतं. घरातलं जळण सकाळच्या भाकरीतच संपलेलं. फाल्गुनातली दुपार. माळावर चिटपाखरू नाही, वाराही कुठंतरी सावली धरून बसलेला. ताडकळसच्या बाजारला जाणारी गाडवाट सोडली की हे गायरान लागायचं. त्यातले दोन एकर मालनबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं, सितारामनं, कुदळीनं फोडून वहितीला आणले होते. तिथंच काट्याचा कूप घालून खोप बांधली होती. गावात राहत नव्हते. का राहत नव्हते ते पुढं येईलच.

मोळी आवळायला ती वाकली आणि बांधाखालच्या कुसळी गवतातनं दोन डोळे आपल्याकडं बघायलेत असं तिला दिसलं. हरणाचं पाडस होतं. चार दिवसांचं असेल नसेल. पोट भुईला लावून, कान पाठीला चिकटवून असं पडलेलं, की ढेकूळ समजून पाय पडावा. तिनं हात लावला तरी ते हललं नाही. फक्त काळीज तेवढं बोटांखाली फडफडत होतं.

तिनं चहूकडं बघितलं. लांब उतारावर कळप चरत होता. जवळ कुणी नाही.

"कसली आई म्हणायची ही!" मालनबाई त्या उन्हाशीच बोलली. "लेकरू टाकून चरायला गेली भवानी."

आणि मोळी तिथंच टाकून, पाडस पदरात घेऊन ती घरी आली. जळण टाकून येणारी बाई ती नव्हती. त्या दिवशी आली.

सिताराम ज्वारीतल्या माळ्यावर होता. चार बल्ल्यांवर फळ्या टाकलेला तो उंच माळा पाखरं हाकायला बांधलेला, पण सितारामची गोफण बहुतेक वेळ मांडीवरच असायची. तो हरणं बघत बसायचा. कोण लंगडी, कोण गाभण, कुणाच्या डाव्या कानाला चीर, हे त्याला गावातल्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक. मालनबाईला या गोष्टीचा राग यायचा. कणसं हरणं खायची आणि हा मालक त्यांची नावं ठेवायचा!

पदरातलं पाडस बघून तो खाली उतरला.

"कुठून उचललंस?"

"बांधाखालून. आईनं टाकलंय त्याला."

"टाकलं न्हाई, ठिवलंय." तो हळू बोलायचा, नेहमीच. "हरणी पिल्लाला निजवून लांब जाती. तिच्या वासावर लांडगा येऊ नये म्हणून. दिस कलला की येती, पाजती. मी वरून रोज बघायलोय की. चीरकानीचं हाय ते. जा, ठिवून ये."

"बघायलोय, बघायलोय! जलमभर बघतच बसा तुमी. लांडग्यानं नेलं तर त्येबी बघताल वरून?"

"बघंन. रडंनबी. पर बांधणार न्हाई."

हे शेवटचं त्यानं बोलायला नको होतं.

पाच वर्षांपूर्वी नामांतराच्या दंगलीत त्यांची वस्ती जाळली होती. लेकरंबाळं, म्हातारीकोतारी उसात जाऊन दडली, जीव वाचले. मालनबाईच्या सहा शेळ्या गोठ्यात राहिल्या. दाव्याला होत्या. आदल्या सांजेला तिनंच बांधल्या होत्या, तिच्या त्या पक्क्या गाठीनं, जी ओढली की आणखी घट्ट होते. ती परत धावली होती, धुरात शिरली होती, पण बोटांना गाठ सुटली नाही. विळा सापडला नाही. शेळ्यांचा आवाज मात्र उसात बसलेल्या सगळ्यांनी ऐकला. त्यानंतर त्या विषयावर नवरा-बायको कधी बोलले नाहीत. आणि आता हा माणूस 'बांधणार न्हाई' म्हणत होता.

मालनबाईनं खोपीत जाऊन नवं दावं काढलं.

त्या दिवशीच पहाटे तिच्या एकुलत्या शेळीचं करडू मेलं होतं. शेळीची कास तटतटून आलेली, पण परक्या पिल्लाला ती जवळ घेईना. पाडसाला शिंगावर घ्यायला धावली. तेवढ्यात मेंढरं राखणारा सटवाजी पाणी प्यायला कुपाशी आला.

"मालनवैनी, ही युगत आमाला इचारायची की!" तो हसला. "मेल्या करडाचं कातडं ह्याच्या पाठीवर बांधू. शेळी वास घेती अन् आपलंच समजती. आमी मेंढरात धा येळा करतो."

"ती फसंल?"

"वैनी, आई डोळ्यानं न्हाई वळखत, नाकानं वळखती. तुमी मालकाला एकांदं जुनं कातडं पांघरून बघा. तुमाला तरी कळंल का?"

मालनबाई हसली. सिताराम हसला नाही. सटवाजीनं सराईत हातानं करडाचं कातडं काढलं, पाडसाच्या पाठीवर घातलं, पोटाखालून सुतळी बांधली. शेळीनं हुंगलं, परत हुंगलं, आणि कातडं चाटत उभी राहिली. पाडस प्यालं. मालनबाईचे डोळे भरून आले. एक तरी जीव हातानं वाचला, असं तिला वाटलं. त्यात तिची काय चूक? तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

"आता त्याची आई आली तरी वळखायची न्हाई," सिताराम म्हणाला, आणि माळ्यावर निघून गेला.

त्या सांजेला ओढ्याकडं कुत्र्यांचा मोठा कालवा झाला. मालनबाई भाकरी थापत होती. कुत्री काय, भांडतच असतात.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती पहिल्यांदा आली.

मालनबाई चिमणीची काच पुसत होती. आधी घरचं कुत्रं बाजेखाली शिरलं. भुंकलं नाही, पोट घासत शिरलं आणि थरथरत राहिलं. मग शेळीनं रवंथ थांबवला. आणि कुपाच्या बाहेरून आवाज आला... टक्. खुरानं कडक जमिनीवर एकदाच हाणावं तसा.

तिनं मान वर केली. काट्यांच्या पलीकडं हरणी उभी होती. इतक्या जवळ की ओली नाकपुडी दिसावी. डाव्या कानाला चीर. पाडस दाव्याच्या शेवटापर्यंत धावलं आणि बारीक ओरडलं. हरणीनं काट्यातून तोंड पुढं केलं, वास घेतला... आणि झटक्यानं मागं घेतलं. तिच्या नाकाला ते करडू होतं. ती कुपाभोवती फिरायला लागली. एकेका काटीला नाक लावत, एकेक कोपरा हुंगत. पाडस समोर ओरडत होतं, आणि आई त्यालाच शोधत होती.

"हाड्!" मालनबाई ओरडली. आवाज तिचा तिलाच चोरटा वाटला.

हरणी पळाली नाही. अंधार वाढत गेला तशी ती दिसायची बंद झाली, एवढंच.

सकाळी सिताराम कुपाच्या कडेकडेनं वाकून फिरला. तिथं फुफाटा होता, चिमणी चालली तरी उमटावी असा.

"आपल्या कुत्र्याचं पाऊल हाय. शेळीचं हाय," तो म्हणाला. "तिचं एकबी खूर न्हाई."

"वारं सुटलं व्हतं."

"मग कुत्र्याचं कसं ऱ्हायलं?"

तिसऱ्या सांजेलाही तसंच झालं. टक्... आणि तो वास घेणं, ते फिरणं. या खेपेला मालनबाईनं हाकललं नाही. दारात बसून राहिली. हरणीच्या येण्याबरोबर कसलातरी वास यायचा, ओल्या मातीचा आणि नासलेल्या दुधाचा. पाडसानं त्या दिवसापासून शेळीला तोंड लावणं सोडलं. बोंडल्यानं घातलेलं दूध गालातून ओघळून जायचं. पाठीवरचं कातडं उन्हानं आखडत चाललं होतं, त्याला आता वास मारायला लागला होता. ते काढलं तर शेळी मारायची, ठेवलं तर आई ओळखत नव्हती. सोडायला तिचं मन धजेना. सोडलं तर मरेल, असं ती म्हणायची. बांधलेलं तिच्यासमोर मरायला लागलं होतं, ते मात्र ती म्हणत नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी सटवाजी आला. त्यानं पाणी मागितलं नाही.

"वैनी, पाडस आणलं ना तुमी, त्याच सांजंला ओढ्यात कुत्र्यांनी हरणी फाडली. आज मेंढरं तिकडं गेली तवा दिसलं. गिधाडांनी सगळं साफ केलंय."

"हरण्या काय कमी हायेत माळावर?" मालनबाई म्हणाली.

"कमी न्हाईत. पर माळ सोडून वस्तीच्या वढ्यात कोण येतंय? बांधापासून सरळ तुमच्या खोपीकडं यायली व्हती. वासावर." तो खाली बघत बोलला. "कास भरलेली व्हती म्हणत्यात. ज्यानं आधी बघितली त्यो म्हणत व्हता... दूध सांडलं व्हतं दगडावर."

सिताराम उठून ओढ्याकडं गेला. तासाभरानं आला. हातपाय धुतले. बराच वेळ पुसत बसला.

"डोकं तेवढं ऱ्हायलंय," तो म्हणाला. "डाव्या कानाला चीर हाय."

मालनबाईच्या अंगावर काटा आला तो भीतीनं नाही, हे आधी सांगते. भीती नंतर आली. आधी तिला एवढंच कळलं की, आपण लेकरू उचललं म्हणून ती वस्तीकडं आली. आणि मेली तरी तिचं शोधणं संपलं नाही.

दिवस कलायला लागला होता.

तिनं विळा घेतला आणि सुतळी कापून कातडं उतरवलं. खाली पाडसाचं अंग ओलसर, केस गळालेलं. बांधावर जाऊन, जिथं ते सापडलं होतं तिथली माती आणि कुसळी तिनं ओटीत भरून आणली, आणि त्याच्या अंगाला चोळली. पाठीला, पोटाला, कानामागं. चोळत राहिली. मग ती दाव्याशी बसली.

गाठ सुटेना.

पाडसानं चार दिवस ओढून ओढून ती दगडासारखी केली होती. कुठंही धूर नव्हता, पण तिच्या घशात धूर होता, आणि कानात सहा शेळ्या.

सितारामनं विळा पुढं केला. "काप."

"न्हाई." ती दातांनी गाठ ओढत होती. "मी बांधलं, मी सोडती... तुमी सरा."

नख मुळापासून उलटलं. दाव्यावर रक्त आलं. आणि गाठ सैल झाली.

कुपाची काटी तिनं बाजूला ओढली, वाट मोकळी केली. पाडसाला उंबऱ्यापाशी निजवलं. ते उठलंच नाही. पहिल्या दिवशीसारखं भुईला चिकटून राहिलं. कुत्रं बाजेखाली गेलं.

"आत येतीस का?" सितारामनं कुजबुजत विचारलं.

"न्हाई. बघायचंय मला."

टक्...

ती आली. वाटेत थांबली. पुढं झाली. नाक खाली केलं, आणि या वेळी मागं घेतलं नाही. जीभ दिसली. पाडसाचं अंग त्या जिभेखाली हलायला लागलं, मागं-पुढं, मागं-पुढं. मग ते थरथरत उभं राहिलं, पोटाखाली शिरलं, आणि त्या चिडीचूप सांजेत चुळूचुळू पिण्याचा आवाज आला. मालनबाईनं पदर तोंडात कोंबला होता. सितारामनं तिचा हात धरला होता. जळितानंतर पहिल्यांदाच.

हरणी आणि पाडस माळाकडं गेली. सकाळी फुफाट्यात खुरं उमटली होती. एकाचीच. बारकी.

पुढं महिना-दीड महिना गेला. ज्वारी निघाली, पण मालनबाईनं माळा मोडू दिला नाही. सांजेला सितारामच्या आधी तीच वर जाऊन बसायची. पाडस कळपात होतं. दूध नसलेलं एवढंसं पोर जगतं कसं, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. ते कळपाच्या जरा बाजूनं चालायचं, आणि त्याच्या उजव्या अंगाला कायम एक जागा मोकळी असायची. बाकीच्या हरण्या त्या जागेत पाय टाकत नव्हत्या.

चैत्रातल्या एका सांजेला ते थांबलं, पुढचे गुडघे टेकले, मान वर केली आणि त्या मोकळ्या जागेत ढुशा द्यायला लागलं. तोंड काढलं तेव्हा ओठांवर पांढरा फेस होता.

"किती दिस पाजंल हो?" मालनबाई हळूच म्हणाली.

"पाजू दे की," सिताराम म्हणाला.

मग सगळ्या कळपानं एकदम माना वर केल्या. पाडसाकडं नाही, माळ्याकडं. माळ्याच्या खाली.

टक्.

आवाज फळ्यांच्या खालून आला. खाली मालनबाईनं नवं करडू बांधलं होतं, शेळीला सोबत म्हणून कालच आणलेलं. शेजारच्या व्यंकटरावाच्या भुईमुगात शिरलं तर तो गाव गोळा करायचा, म्हणून बल्लीला बांधलेलं. मघापासून ते ओरडत होतं. आता गप्प झालं होतं.

ती पालथी होऊन फळीच्या कडेवरून वाकली. करडू चार हातांवर मोकळं चरत होतं. दावं बल्लीपाशी पडलं होतं, सरळ, कुणी निगुतीनं ठेवावं तसं.

"सोडलंस कामून त्याला?" सितारामनं विचारलं.

"मी? मी तर दुपारपासून वरच हाय की, तुमच्याजवळ..."

ती शिडीनं खाली उतरली. दावं उचललं. तुटलं नव्हतं, कापलं नव्हतं. तिची ती पक्की गाठ, ओढली की घट्ट होणारी, अलगद उकललेली होती. आणि दोरी टोकापर्यंत ओली होती, कोमट, कुणीतरी बराच वेळ चाटत बसल्यासारखी.